बोटीवरची ‘आतली खोली’ : कोणी घ्यावी, कुठली घ्यावी?

पर्यटनाची मोठी बोट ही आता केवळ सिनेमात पाहायची गोष्ट राहिलेली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे जाऊ लागले आणि आपल्यासारख्या गावांतूनही लोक बोटीची चौकशी करू लागले. कोणी सिंगापूरहून सुटणाऱ्या बोटीवर जातो, कोणाला मुलगा-सून लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून तिकिटे पाठवतात. पूर्वी दवाखान्यात “काशीला निघालोय, गोळ्या लिहून द्या” म्हणणारी मंडळी आता “बोटीवर निघालोय” म्हणून येतात आणि हळूच विचारतात, “डॉक्टर, आम्हाला आतली खोली मिळाली आहे. खिडकी नाही म्हणे. गुदमरणार तर नाही ना?”

प्रश्न बरोबर आहे. बोटीवर साधारणपणे तीन-चार प्रकारच्या खोल्या असतात. गॅलरी असलेली, नुसती काचेची खिडकी असलेली, मोठी ऐसपैस, आणि चौथी ही आतली. मधल्या बोळाच्या आतल्या अंगाला असल्याने तिला समुद्राकडची भिंतच नसते. आकार बहुधा १२० ते १८० चौरस फूट, जुन्या जहाजांवर त्याहूनही लहान. भाडे सर्वांत कमी, म्हणून मध्यमवर्गीय माणसाची पहिली नजर तिच्यावरच जाते. त्यात वावगे काहीच नाही. मी स्वतः अशा खोलीत चार रात्री काढल्या आहेत आणि उत्तम झोपलो आहे. मात्र ही खोली सर्वांना मानवते असे नाही, आणि सगळ्या आतल्या खोल्या सारख्याही नसतात. तेवढे दोन मुद्दे आज पाहू.

हवा कोंदट असते का?

पहिली भीती हवेची. ती मनातून काढून टाका. बोटीवरच्या खोल्यांना हवा खिडकीतून मिळत नाही, यंत्राने मिळते. नळ्यांमधून थंड हवा आत येते व वापरलेली हवा न्हाणीघराच्या जाळीतून बाहेर ओढली जाते. काचेची खिडकी असलेल्या खोलीतही ती काच पक्की बसवलेली असते, उघडत नाही. म्हणजे खिडकीचे जादा पैसे भरले तर उजेड मिळतो, समुद्र दिसतो, पण वारा येत नाही. वारा हवा असेल तर गॅलरीची खोली घ्यावी लागते. दम्याच्या रुग्णाने केवळ “हवा चांगली मिळेल” म्हणून खिडकीची खोली घेण्याचे कारण नाही. त्याने आपला पंप उशाशी ठेवावा आणि थंड हवेचा झोत थेट छातीवर येणार नाही असे पाहावे. थंडी कमी-जास्त करण्याचे बटण बहुधा खोलीतच असते.

खरा प्रश्न मनाचा

हवा पुरेशी असूनही काहींना बंद खोलीत जीव घाबरा होतो. छाती धडधडते, घाम फुटतो, आता आपण मरणार असे वाटते. ही बंद जागेची भीती आहे. तो नाटकीपणा नव्हे आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे. लिफ्टमध्ये शिरताना पाय अडखळणारे, एमआरआयच्या नळकांड्यातून अर्ध्यावर बाहेर काढावे लागलेले, रात्री शयनगृहाचे दार किलकिले ठेवूनच झोपणारे, अशांनी आतल्या खोलीचा विचार दोनदा करावा.

माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एक काकू आहेत. वय पासष्टच्या आसपास, यजमान निवृत्त शिक्षक. मुलाने पाच रात्रींची सहल ठरवली होती, खोली आतली. काकू रक्तदाब तपासायला आल्या. दाब एरवीपेक्षा बराच वाढलेला होता. कारण विचारले तर बराच वेळ काही बोलेनात. मग म्हणाल्या, “पोरानं हौसेनं काढलंय हो तिकीट. नको कसं म्हणू? पण रात्रभर मला त्या बंद खोलीचीच स्वप्नं पडतात.” दोन वर्षांपूर्वी कमरेचा एमआरआय करताना त्यांनी किंचाळून मशीन थांबवायला लावले होते. हे त्यांनी घरी कोणालाच सांगितले नव्हते.

मी त्यांना एक घरगुती चाचणी सांगितली, ती आपल्यालाही सांगतो. घरातली सर्वांत लहान खोली निवडा. खिडक्या बंद करा, त्यांवर जाड चादर टाका, दाराच्या फटीला टॉवेल लावा, पंखा चालू ठेवा आणि दिवा मालवून आत झोपा. नुसते पाच मिनिटे बसायचे नाही, एक पूर्ण रात्र काढायची. घरातले माणूस बाहेर असावे आणि दाराला आतून कडी लावू नये. सकाळी ताजेतवाने उठलात तर आतली खोली खुशाल घ्या. मध्येच उठून दार उघडावेसे वाटले, पण पुन्हा झोप लागली, तर दोन-तीन रात्रींची सहल निभेल. घाबरून बाहेर यावे लागले तर मात्र पैसे वाचवू नका.

काकू दहा मिनिटांत बाहेर आल्या. त्या वेळी यजमान बाहेरच बसले होते, त्यामुळे त्यांना सारे कळले. मास्तरांनी त्याच दिवशी मुलाला फोन केला. पाच रात्रींच्या आतल्या खोलीऐवजी तीन रात्रींची खिडकीची खोली घेतली, खर्च जवळजवळ तेवढाच आला. काकू जाऊन आल्या, फोटो दाखवून गेल्या. मुख्य म्हणजे रक्तदाब पूर्वपदावर आला. घरोघरच्या मुलांना म्हणूनच सांगणे आहे की, आईवडिलांना तिकीट भेट देण्यापूर्वी विचारून घ्या. आपली पिढी “मला भीती वाटते” असे आपणहून सांगत नाही.

काही कंपन्यांनी या भीतीवर तोडगेही काढले आहेत. ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’ या १९९९ च्या जहाजावर काही आतल्या खोल्यांना जहाजाच्या आतल्या बाजारपेठेकडे उघडणाऱ्या खिडक्या दिल्या. ‘डिस्ने ड्रीम’वर २०११ पासून भिंतीवर गोल पडदा असून त्यात बाहेरच्या कॅमेऱ्यातून समुद्र दिसतो. तोडगा चांगला आहे. मात्र ज्याला खरोखर धडकी भरते त्याला पडद्यावरचा समुद्र पुरेलच असे नाही.

बोट का लागते?

दुसरा मोठा विषय म्हणजे ‘बोट लागणे’. मळमळ या अर्थाचा नॉशिया हा डॉक्टरी शब्दच मुळी जहाज या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. यावरून हे दुखणे किती जुने आहे ते कळावे. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षे ‘बीगल’ जहाजाबरोबर होता, आणि बोट लागण्याने तो प्रवासभर हैराण झाला होता.

आपल्या कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि तोल सांभाळणारे इतर बारीक अवयव असतात. शरीर हलले की ते मेंदूला कळवतात. बोटीवर कान सांगतो, “आपण हलतो आहोत”, आणि डोळे सांगतात, “छे, भिंत तर स्थिर आहे.” या दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत आणि मेंदूचा गोंधळ उडतो. मग तोंडाला पाणी सुटते, जांभया येतात, घाम येतो, उलटी होते. बंद खोलीत क्षितिज दिसत नाही, म्हणून तिथे बसून वाचणाऱ्याला किंवा मोबाइल पाहणाऱ्याला बोट लवकर लागते. त्याच खोलीत आडवे होऊन डोळे मिटून घेतले तर डोळ्यांची साक्षच बंद होते आणि बरे वाटते. म्हणून आतल्या खोलीचा नियम सोपा आहे. तिथे झोपावे, बसून राहू नये. मळमळू लागले की एक तर आडवे व्हा, नाहीतर वर उघड्या डेकवर जाऊन दूर क्षितिजाकडे पाहत उभे राहा.

बोटीत कुठली जागा घ्यावी?

एसटीच्या मागच्या बाकावर बसलेल्याला खड्डा काय असतो ते सांगावे लागत नाही. दोन्ही चाकांच्या मधल्या बाकावर तोच खड्डा निम्माही जाणवत नाही. बोटीचेही तसेच आहे. लाटेवर तिचे पुढचे टोक वर जाते तेव्हा मागचे खाली जाते. मध्यभाग त्या मानाने स्थिर राहतो. तसेच बोट डावी-उजवीकडे कलते तेव्हा वरचे मजले जास्त झुलतात, खालचे कमी. तेव्हा लांबीच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर खोली मागावी.

इथे आतल्या खोलीचा एक फायदा फार थोड्यांना माहीत असतो. ती बोटीच्या रुंदीतही मध्याच्या जवळ असते. बोट कलली की कडेची गॅलरीवाली खोली जितकी वर-खाली होते तितकी ती होत नाही. म्हणजे ज्याला बोट लागते पण बंद जागेची भीती नाही, त्याला मधली, खालची, आतली खोली महागड्या वरच्या खोलीपेक्षा अधिक सोसते. मोठ्या जहाजांना माशाच्या परांसारखे पंख असतात. ते डावी-उजवीकडचे डोलणे बरेच कमी करतात, पुढे-मागे होणारे मात्र फारसे नाही. म्हणून टोकाची खोली टाळायचीच.

जागा निवडताना आवाजही पाहावा. तिकीट काढून देणाऱ्याकडे बोटीचा मजलावार नकाशा मागा. त्याला डेक प्लॅन म्हणतात. आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. दोन्हीकडे राहण्याच्या खोल्याच असतील तर उत्तम. वर पोहण्याचा तलाव किंवा जेवणघर असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली नाचगाण्याचे सभागृह असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल ऐकू येतो. लिफ्टच्या अगदी शेजारची खोली गोंगाटाची. गुडघे दुखणाऱ्याने लिफ्टपासून फार लांबचीही घेऊ नये, कारण मोठ्या बोटीचे बोळ फार लांब असतात. चार-सहा खोल्या सोडून असलेली बरी. खालच्या मजल्यावर अगदी पुढे नांगराचा खडखडाट आणि अगदी मागे यंत्राची थरथर असते. शेजारच्या खोलीत उघडणारे मधले दार असेल तर शेजाऱ्याचे घोरणे फुकट ऐकायला मिळते.

सर्वांत स्वस्त तिकिटात खोली कुठली द्यायची ते कंपनी ठरवते. धडधाकट तरुणाने ते खुशाल घ्यावे. ज्येष्ठांनी, बोट लागणाऱ्यांनी आणि हलकी झोप असणाऱ्यांनी थोडे जास्त देऊन खोलीचा नंबर स्वतः निवडावा. माझ्या मते ते पैसे सत्कारणी लागतात.

ऋतूही महत्त्वाचा. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावरच होड्या लोटतात, ते उगीच नव्हे. ज्याला घाटात गाडी लागते त्याने सहल हिवाळ्यात ठरवावी.

अंधार : औषधही, अपायही

आतल्या खोलीत दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो. काळोखात मेंदूतून मेलाटोनिन हे झोप आणणारे संप्रेरक नीट स्रवते. साखर कारखान्यात वर्षानुवर्षे रात्रपाळी केलेले एक गृहस्थ बोटीवरून आल्यावर मला म्हणाले, “डॉक्टर, अशी झोप नोकरी लागल्यापासून लागली नव्हती.” दुसरी बाजू अशी की, सकाळ झाली हे कळतच नाही. उजेडाशिवाय शरीराचे घड्याळ लागत नाही, दोन-तीन दिवसांत डोके जड होते, भूक आणि शौचाच्या वेळा बिघडतात. त्यासाठी घड्याळाचा गजर लावा आणि उठल्याबरोबर अर्धा तास वर जाऊन उन्हात फिरा. दूरदर्शन संचावर बोटीच्या पुढच्या कॅमेऱ्याचे चित्र येत असेल तर आवाज बंद करून ते रात्रभर चालू ठेवा. पहाट झाली की खोलीत उजेड होतो.

म्हाताऱ्या माणसांना या काळोखाचा खरा धोका पडण्याचा आहे. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते, बोट हलत असते, आणि बोटीवरच्या न्हाणीघराला बहुधा चांगला उंच उंबरठा असतो. साठीनंतर मांडीचे हाड मोडायला एवढे पुरते. तेव्हा न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून दार किंचित उघडे ठेवावे, उशाशी विजेरी ठेवावी, सामान पलंगाखाली सारून वाट मोकळी करावी. पाणी काढणारी रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारून सकाळच्या वेळी घ्यावी.

एका आतल्या खोलीत चौघेही राहतात. दोन पलंग खाली आणि दोन भिंतीतून उघडणारे वर. वरच्या पलंगावर लहानग्याला किंवा आजी-आजोबांना झोपवू नका. चौघांना मिळून न्हाणीघर एकच, तेही आपल्या देवघराएवढे. दोघांनी एक खोली घ्यावी हे बरे.

पोटाचे विकार आणि हात धुणे

बोटीवर हजारो माणसे एकाच जेवणघरात जेवतात, त्याच कठड्यांना हात लावतात. नोरो विषाणूमुळे होणाऱ्या जुलाब-उलट्यांची साथ अशा ठिकाणी झपाट्याने पसरते. संसर्गानंतर साधारण १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो. हातावर चोळायच्या सॅनिटायझरला हा विषाणू फारसा दाद देत नाही. साबण आणि पाण्याने वीस सेकंद हात धुणे हाच उपाय. उलट्या-जुलाब झाले तर लपवू नका, बोटीवरच्या डॉक्टरांना सांगा. मग आपल्याला खोलीतच राहायला सांगतील. बिनखिडकीच्या खोलीत एक-दोन दिवस बसावे लागले तर कसे होईल, हाही विचार आधी करून ठेवावा.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज कोविडमुळे अडकून पडले. त्यावर ३,७११ माणसे होती, त्यांत १३८ भारतीय. प्रवाशांना खोल्यांत राहावे लागले आणि आतल्या खोल्यांतल्या लोकांना पाळीपाळीने डेकवर मोकळ्या हवेत आणले जात होते. असा प्रसंग विरळा. पण माणसाला उजेड लागतो हे तिथल्या अधिकाऱ्यांनाही मान्य करावे लागले.

औषधांची पिशवी

बोट लागू नये म्हणून प्रोमेथाझिन (आपल्याकडची परिचित अ‍ॅव्होमिन), सिनारिझिन, मेक्लिझिन अशी औषधे आहेत. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाहीत, म्हणून बोट सुटण्यापूर्वी तास-दोन तास आधी घ्यावी लागतात. यांनी झोप येते. सोबत मद्य घेऊ नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी, कंपवाताच्या रुग्णांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना मुळीच देऊ नये. घरात उलटीवर म्हणून ठेवलेली ऑन्डान्सेट्रॉनची गोळी बोट लागण्यावर फारशी उपयोगाची नाही. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक चघळल्याने काहींना बरे वाटते. पोट अगदी रिकामे किंवा तुडुंब भरलेले ठेवू नये.

मधुमेहींनी विशेष जपावे. इन्सुलिन किंवा गोळी घेतली आणि जेवण उलटून पडले तर साखर एकदम उतरते. उशाशी साखर, ग्लुकोज, बिस्किटे ठेवावीत. अशा वेळी डोस किती घ्यायचा ते निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

सर्व औषधे हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावरच घेतल्या जातात आणि खोलीवर यायला कित्येक तास लागू शकतात. झोपेत श्वास अडकण्यासाठी यंत्र वापरणाऱ्यांनी कंपनीला आधी कळवावे, प्लग पलंगापासून किती लांब आहे ते विचारावे. मोठ्या बोटीवर डॉक्टर व परिचारिका असतात, पण ते इस्पितळ नव्हे आणि फीही वेगळी पडते. प्रवास विमा काढावाच. बहुतेक कंपन्या गर्भारपणाचे चोवीस आठवडे भरलेल्या स्त्रीला घेत नाहीत, आणि सहा महिन्यांखालील बाळालाही घेत नाहीत.

पोहोचताच करायचे काम

आतल्या खोलीत दिशा कळत नाही. दिवे गेले तर उजेड कुठून येणार? म्हणून सामान ठेवल्यावर लगेच बाहेर या आणि जवळच्या जिन्यापर्यंत किती दारे लागतात ती मोजा. उजवीकडे पाच, डावीकडे नऊ, असे पाठ करा. सुरक्षेची कवायत चुकवू नका. इटलीजवळ १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटले तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि २०१५ पासून ती बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले.

हलण्याची शरीराला सवय व्हायला बहुधा दोन-तीन दिवस लागतात. लहान सहल तेवढ्यात संपतेही. घरी आल्यावर एक-दोन दिवस जमीनच हलते आहे असे वाटते. घाबरू नका, ते आपोआप थांबते. आठवड्यानंतरही थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवा.

तिकीट काढताना एवढे विचारा : खोली लांबीच्या मध्यावर आहे का? कुठल्या मजल्यावर? वर-खाली काय आहे? लिफ्ट किती लांब? न्हाणीघराला उंबरठा किती? आणि घरच्या माणसाला विचारा : बंद खोलीत झोप लागते ना? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तिकीट काढून देणाऱ्याकडे नसते.

(पुढील आठवड्यात : उन्हाळ्यात घोळणा फुटणे)